फोन आपला, अपडेट कोणाच्या हाती?

बाजारात हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. फोन चांगला चालतो, बॅटरी ठीक आहे, काचेवर ओरखडाही नाही. तरीही एके दिवशी बँकेचे ॲप उघडत नाही. ‘या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही’ अशी सूचना येते. मोबाईलच्या दुकानात नेला तर दुकानदार म्हणतो, ‘कंपनीकडून अपडेट येईल, थोडे थांबा.’ गिऱ्हाईक थांबते. महिना जातो, सहा महिने जातात, अपडेट काही येत नाही. शेवटी धडधाकट फोन बाजूला ठेवून नवा घ्यावा लागतो.

हे अपडेट म्हणजे नेमके काय, ते कोठून निघते, कोणाकोणाच्या हातून येते आणि वाटेत कोठे अडकते, हे आपल्या व्यापारी बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. पूर्वी हे ठाऊक नसले तरी चालत होते. आज चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि पाहता पाहता दुकानाचा निम्मा गल्ला फोनमध्ये गेला. जीएसटीचा ओटीपी फोनवर येतो, मालाचे नमुने फोनवर दाखवले जातात, ट्रान्सपोर्टची बिल्टी फोनवर येते, उधारीची आठवण फोनवरच दिली जाते. ज्या गल्ल्यात एवढे सारे आहे त्याचे कुलूप कोण बदलतो आणि किती वर्षे बदलत राहणार आहे, हे विचारणे हा व्यवहार आहे, शौक नव्हे.

अपडेट एक नव्हे, तीन

पहिली गोष्ट ही की, लोक ज्याला सरसकट अपडेट म्हणतात त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार ॲपचे अपडेट. व्हॉट्सॲप, बँक, हिशेबाचे ॲप यांची नवी आवृत्ती प्ले स्टोअरमधून थेट येते. त्यात फोन बनवणाऱ्या कंपनीचा काही संबंध नसतो.

दुसरा प्रकार सुरक्षेच्या दुरुस्तीचा, ज्याला सिक्युरिटी पॅच म्हणतात. फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये एखादे भोक सापडले की ते बुजवण्यासाठी ठिगळ पाठवले जाते. फोन दिसायला होता तसाच राहतो, म्हणून लोक याला महत्त्व देत नाहीत. वास्तविक तिन्हींमध्ये सर्वांत गरजेचे हेच.

तिसरा प्रकार संपूर्ण आवृत्ती बदलण्याचा. म्हणजे अँड्रॉइड १३ चे १४, १४ चे १५. यात फोनचे रूपही थोडेफार बदलते. याचा गाजावाजा जास्त होतो, आणि जाहिरातीत ‘इतकी वर्षे अपडेट’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा याच्या व सुरक्षेच्या दुरुस्तीच्या मुदती वेगवेगळ्या असतात.

हे तीन प्रकार एकमेकांत गुंतलेले आहेत. आवृत्ती फार जुनी झाली की ॲपवाले त्या फोनला सोडून देतात. व्हॉट्सॲपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ पेक्षा जुन्या आवृत्तीवर काम करणे बंद केले. २०२५ मध्ये आयफोनच्याही जुन्या आवृत्त्या सोडल्या. बँकांची ॲप तर याहून कडक असतात. आमच्या पेढीवरील मुनीमजींच्या फोनवर एका बँकेचे ॲप असेच बंद झाले. महिन्याची २० तारीख, जीएसटी भरण्याचा शेवटचा दिवस. कर कसाबसा संगणकावरून भरला गेला. पण प्रोसेसवाल्याचे पैसे त्या दिवशी राहिले आणि त्याने तयार माल दोन दिवस अडवून धरला. फोनमध्ये शेवटची दुरुस्ती येऊन दोन वर्षे होऊन गेली होती. फोन मात्र उत्तम चालत होता.

मागापासून दुकानापर्यंत

अपडेट उशिरा का येते हे समजण्यासाठी आपल्या कापडाचाच दाखला घेऊ. मागावरून कोरे कापड उतरते, ते विकत घेणारा वेगळा, रंगाई-छपाई करणारा प्रोसेसवाला वेगळा, घड्या घालून पॅकिंग करणारा वेगळा, आडत्या वेगळा आणि दुकानदार वेगळा. यातील एका ठिकाणी काम थांबले की ताका दुकानात पोहोचत नाही. अँड्रॉइड फोनचे सॉफ्टवेअर अगदी असेच प्रवास करते.

अँड्रॉइड गुगलचे. गुगलने २००५ मध्ये ते तयार करणारी कंपनी विकत घेतली आणि २००८ मध्ये त्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. गुगल जे देते ते एका अर्थी कोरे कापड. ते कोणालाही घेता येते. त्यानंतर चिप बनवणारी कंपनी, उदाहरणार्थ क्वालकॉम किंवा मीडियाटेक, ते आपल्या चिपवर चालेल असे जुळवून देते. मग फोन बनवणारी कंपनी त्यावर आपला रंग चढवते. तिचे मेनू, तिचा कॅमेरा, तिची ॲप. प्रत्येक मॉडेलसाठी हे काम वेगळे करावे लागते आणि एका कंपनीची मॉडेले डझनावारी असतात. अमेरिकेसारख्या देशांत, जेथे पुष्कळसे फोन मोबाईल सेवा देणारी कंपनीच विकते, तेथे ती कंपनीही आपल्या नेटवर्कवर तपासणी करते आणि मगच परवानगी देते. एवढे झाल्यावर अपडेट गिऱ्हाइकाच्या हातात येते.

आता यातील पैशाची बाजू पाहा. फोन विकला गेला त्या दिवशी कंपनीला तिचा नफा मिळाला. त्यानंतरच्या प्रत्येक अपडेटवर तिचा खर्चच होतो. इंजिनिअर बसवावे लागतात, तपासण्या कराव्या लागतात, आणि त्याबद्दल गिऱ्हाईक एक रुपयाही वेगळा देत नाही. उलट जुना फोन अडला तर नवा विकला जातो. ज्या कामात करणाऱ्याचा फायदा नाही ते काम मागे पडते, हा बाजाराचा जुना नियम आहे. अपडेटच्या विलंबामागे तांत्रिक अडचणी आहेत हे खरे; परंतु मूळ गाठ येथे आहे.

आयफोनची गोष्ट वेगळी दिसते ती याच कारणाने. तेथे सॉफ्टवेअर, फोन आणि चिपची रचना एकाच कंपनीच्या हातात आहे. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हापासून अपडेटची किल्ली ॲपलने सेवा कंपन्यांकडे जाऊ दिली नाही. २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली. म्हणजे नऊ वर्षांहून अधिक. हात कमी असले की काम लवकर होते आणि जबाबदारी टाळायला जागा राहत नाही.

एका फोनची कहाणी

साखळीत माल कसा अडतो याचे चांगले उदाहरण म्हणजे गॅलेक्सी नेक्सस. हा फोन गुगलसाठी सॅमसंगने बनवला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तो विक्रीस आला. खुद्द गुगलचा फोन, म्हणजे अपडेट सर्वांत आधी मिळणार अशी लोकांची समजूत. जुलै २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ निघाले आणि गुगलकडून थेट अपडेट घेणाऱ्या नेक्ससला ते त्याच महिन्यात मिळू लागले. परंतु अमेरिकेत व्हेरायझन या सेवा कंपनीने विकलेल्या त्याच नेक्ससला सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. नाव तेच, बनवणारा तोच, फरक फक्त मधल्या एका हाताचा.

पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आले तेव्हा गुगलने सांगितले की अपडेटची १८ महिन्यांची मुदत संपली असल्याने हे अपडेट या फोनला मिळणार नाही. ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप त्यात होती, त्या कंपनीने २०१२ मध्येच मोबाईल चिपच्या धंद्यातून अंग काढून घेतले होते. दोन वर्षांपूर्वीचा नामांकित फोन अशा रीतीने मागे राहिला.

मे २०११ मध्ये गुगल, मोठ्या फोन कंपन्या व सेवा कंपन्या यांनी एकत्र येऊन १८ महिने अपडेट देण्याचे जाहीर वचन दिले होते. त्या वचनाचे पुढे काहीच झाले नाही. करार कागदावर आला नाही आणि दंड ठरला नाही, की शब्दाची किंमत किती राहते हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

२०१५ चा धक्का

कंपन्यांना खडबडून जागे केले ते जुलै २०१५ मधील स्टेजफ्राइट प्रकरणाने. अँड्रॉइडच्या चित्रफीत उघडणाऱ्या भागात असे भोक सापडले की नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येत होते. मेसेज पाठवणाऱ्याला फक्त नंबर माहीत असला की पुरे. सुमारे ९५ कोटी फोन या धोक्यात असल्याचा अंदाज दिला गेला. भोक शोधणाऱ्याने दुरुस्ती गुगलला आधीच देऊन ठेवली होती. दुरुस्ती तयार होती, पण साखळीतून ती लोकांपर्यंत उतरत नव्हती.

त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दरमहा सुरक्षा पत्रक काढण्यास सुरुवात केली आणि सॅमसंग व एलजीनेही नियमित दुरुस्तीचे आश्वासन दिले. फोनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या दुरुस्तीची तारीख दिसू लागली ती याच काळात. परंतु तारीख दिसते म्हणून सर्व माल आत आहे असे समजू नये. एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीतील सिक्युरिटी रिसर्च लॅब्सच्या तज्ज्ञांनी शेकडो फोनची तपासणी मांडून दाखवले की काही कंपन्यांच्या फोनवर तारीख नवी होती, पण त्या तारखेपर्यंतच्या सर्व दुरुस्त्या आत नव्हत्या. बिलात वीस ताके आणि गठ्ठ्यात अठरा, असा हा प्रकार.

गुगलने साखळी सोपी करण्याचाही प्रयत्न केला. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून चिपशी निगडित भाग आणि वरचा अँड्रॉइडचा भाग वेगळे केले गेले. पूर्वी कोट आणि अस्तर एकत्र शिवलेले होते. कोट बदलायचा तर अस्तर उसवावे लागे. आता कोट वेगळा काढता येतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही महत्त्वाचे भाग प्ले स्टोअरच्या मार्गाने थेट फोनवर येऊ लागले. यामुळे परिस्थिती सुधारली आहे. पण चिपवाला व फोनवाला यांचे हात अजूनही मध्ये आहेत.

आपल्याकडील ५जीची वाट

भारतात बहुतेक फोन मोकळ्या बाजारात विकले जातात. सेवा कंपनीशी त्यांचा करार नसतो. म्हणून सेवा कंपनीमुळे अपडेट अडण्याचा अनुभव आपल्याला फारसा नव्हता. तो २०२२ मध्ये आला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीचे उद्घाटन झाले आणि एअरटेलने पहिल्या आठ शहरांत आपल्या मुंबई व नागपूरचा समावेश केला. ज्यांनी वर्ष-दोन वर्षांपूर्वीच जास्त पैसे देऊन ५जी फोन घेतले होते त्यांना वाटले, आता सुरू होईल. पण पुष्कळांच्या फोनवर ५जीचे चिन्हच येईना. चिप होती, नेटवर्क होते, फक्त कंपनीचे अपडेट नव्हते.

कारण असे की जिओ आणि एअरटेल यांची ५जीची पद्धत एकसारखी नव्हती. जिओने संपूर्ण स्वतंत्र ५जी जाळे उभारले, तर एअरटेलने ४जीच्या आधारावर ५जी सुरू केले. फोन कंपन्यांना दोघांबरोबर तपासणी करून सॉफ्टवेअर खुले करायचे होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्र सरकारने फोन कंपन्या व सेवा कंपन्या यांना बैठकीला बोलावून घाई करण्यास सांगितले. आयफोनधारकांना ५जी मिळाले ते १३ डिसेंबर २०२२ च्या अपडेटने. सरकारने हाक मारूनही अडीच महिने लागले, तर एकट्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीची काय कथा!

थांबणे कधी योग्य

मात्र न्यायाने बोलायचे तर प्रत्येक विलंब आळसाचा नसतो. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलने अँड्रॉइड वन ही योजना काढली आणि तिचा प्रारंभ भारतातच केला. मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस यांचे सहा-साडेसहा हजारांचे फोन आणि अपडेट गुगलच्या देखरेखीखाली, अशी ती कल्पना होती. पुढे शाओमीचा मी ए३ याच योजनेत आला. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला त्याला अँड्रॉइड ११ चे अपडेट आले आणि ते टाकताच अनेकांचे फोन पूर्ण बंद पडले. कंपनीने अपडेट थांबवले व सेवा केंद्रात दुरुस्ती करून देण्याचे जाहीर केले.

म्हणूनच शहाणी कंपनी अपडेट एकदम सर्वांना सोडत नाही. आधी थोड्या फोनवर, मग बाकीच्यांवर. शेजाऱ्याला आले आणि आपल्याला आले नाही, तर आठ-पंधरा दिवस खुशाल थांबावे. नव्या रंगाचा पहिला लॉट धुऊन पाहिल्याशिवाय आपणही हजार ताके रंगवायला देत नाही.

जबाबदारी किती वर्षांची?

खरा प्रश्न हा की, विक्री झाल्यावर विकणाऱ्याची जबाबदारी किती काळ चालते? हॉलंडमधील ग्राहक संघटनेने जानेवारी २०१६ मध्ये सॅमसंगवर दावा केला की फोनला पुरेशी वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत. मे २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. पण प्रश्न मिटला नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपनीला सुरक्षेचे अपडेट किमान केव्हापर्यंत मिळेल हे सांगणे कायद्याने बंधनकारक झाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मोफत उपलब्ध ठेवायचे आहेत.

स्पर्धेचाही परिणाम झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे वचन दिले. मात्र हे महाग फोन आहेत. आपल्या बाजारात जे दहा-पंधरा हजारांचे फोन खपतात त्यांची मुदत बहुधा याहून पुष्कळ कमी असते. आपल्याकडे बॉक्सवर एमआरपी छापलेली असते, माल तयार झाल्याचा महिना असतो. अपडेट कधीपर्यंत, हे सहसा आढळत नाही. म्हणून ते आपणच विचारायचे.

खरेदीपूर्वी व खरेदीनंतर

पहिली गोष्ट, मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते ते पाहावे. बहुतेक कंपन्या मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतल्याच्या दिवसापासून नव्हे. चार वर्षांची मुदत असलेले मॉडेल अडीच वर्षांनी सवलतीत घेतले तर हातात दीडच वर्ष उरते. सेलमध्ये स्वस्त मिळणारा फोन पुष्कळदा असाच पडून राहिलेला माल असतो. जुना फोन घेताना तर हा हिशेब आधी करावा.

दुसरी गोष्ट, किंमत वर्षांनी भागावी. समजा, १२ हजारांच्या फोनला दोन वर्षे उरली आहेत, तर वर्षाला सहा हजार पडले. २० हजारांच्या फोनला पाच वर्षे उरली असतील, तर वर्षाला चार हजारच पडले. स्वस्त कोणता, हे व्यापाऱ्याने ठरवावे.

तिसरी गोष्ट, घरातील व दुकानातील प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या ठिकाणी जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती व सुरक्षा अपडेटची तारीख वहीत उतरवावी. सेटिंग मराठीत वा उर्दूतही करता येते. तारीख दोन-तीन महिने मागे असेल तर चिंता नाही. वर्षभर मागे असेल तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार ठेवू नये. तो फोन बोलण्यासाठी व माल दाखवण्यासाठी वापरावा. काउंटरवरील नोकराला पैसे आल्याचे कळण्यासाठी साउंडबॉक्स पुरेसा आहे. त्याच्या जुन्या फोनवर खाते जोडण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खरे अपडेट फोनच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधून येते. ते व्हॉट्सॲपवर कधीही येत नाही. बँकेचे अपडेट, वाहनाचे चलन, लग्नपत्रिका अशा नावांनी एपीके फाईल पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. अपडेटची वाट पाहून कंटाळलेला माणूस अशा फाईलवर लवकर बोट ठेवतो. ठग याच घाईची वाट पाहत असतो.

शेवटी एवढेच की, कापड घेताना आपण पन्हा मोजतो, रंग पक्का आहे का ते पाहतो, धुतल्यावर आटेल किती ते विचारतो. फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढेच विचारून परत येऊ नये. ‘या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षाच्या कोणत्या महिन्यापर्यंत मिळेल?’ हा एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा आणि त्याला सांगता आले नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून मगच पैसे द्यावेत. शंभर गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की दुकानदार तो वितरकाला विचारेल आणि वितरक कंपनीला. साखळीतून माल खाली येतो, तशी मागणी वरही जाते.